आमची नीट, वर्ष तिसरं

१५ जुलै, सोमवार. पहाटे ४.१०

उठलो. यंदा आमचा तिसरा अटेम्प्ट. पहिल्या दोन वेळेला थोडक्यात हुकलं, कारण घरात शिस्त नव्हती. आता टाइमटेबल केलंय, चार रंगांत. हिरवा स्केचपेन संपला म्हणून बायोलॉजी तपकिरी झाली. जेवणाला बावीस मिनिटं.

राजूला हाक मारली. राजू म्हणजे आमची राजेश्वरी. परीक्षा ती देणार आहे. म्हणाली, पप्पा, मी सहाला उठते, माझं ठरलेलं आहे. म्हटलं ठीक, पहिला दिवस आहे.

६.००. राजू उठली. आता मी जरा पडतो.

१९ जुलै, शुक्रवार

बजरंगदादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, पवनानगरहून फोन. भाताची लावणी काढलीय, माणूस मिळत न्हाई, दोन दिस ये म्हणाला. म्हटलं, दादा, आलो असतो, पण घरात नीट आहे. तो म्हणाला, आरं पर परीक्षा मे मदी हाय ना? मी म्हटलं, आधी वातावरण तयार करावं लागतं. त्यानं फोन ठेवला.

त्याला नाही कळायचं. धरणाच्या कडेला तंबू ठोकून शनिवार-रविवार पुण्या-मुंबईच्या पोरांना चिकन भाजून देणं वेगळं आणि घरात डॉक्टर घडवणं वेगळं.

दिवसभर घरीच होतो. वातावरण राखलं. दुपारी त्या वातावरणातच डोळा लागला.

४ ऑगस्ट, रविवार

भाजे गावात, धबधब्याच्या वाटेवर राहायचं आणि पावसाळ्यात रविवारी अभ्यास करायचा म्हणजे शिक्षा आहे. सकाळी नऊपासून धबधब्याच्या गाड्या. दारात उभा राहून एकेकाला सांगितलं, हॉर्न वाजवू नका, घरात नीट आहे. एकानं विचारलं, भजी मिळतील का. साडेतीन तास उभा होतो. घसा बसला.

राजू म्हणाली, आत हॉर्न येत नव्हते, तुमचाच आवाज येत होता. दमल्यामुळं चिडचिड होते तिची.

कुसगावच्या रिसॉर्टला मी स्टोअरकीपर. रविवारची ड्यूटी बंद केलीय. मॅनेजर म्हणाला, गेल्या वर्षीपण हेच कारण होतं. म्हटलं, साहेब, गेल्या वर्षीची नीट वेगळी, यंदाची वेगळी. तो रजिस्टर उचलून निघून गेला. पटलं असणार.

२२ ऑगस्ट, गुरुवार

टीव्हीचं कनेक्शन तोडलं. शालन म्हणाली, टीव्ही तुमीच बघता, आमी कुटं बघतो. म्हणूनच तर त्याग म्हणायचा. बायकोला हे समजावून सांगावं लागतं, काय करणार.

११ सप्टेंबर, बुधवार

राजूच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो हल्ली. सोबत म्हणून. दर अर्ध्या तासानं फक्त विचारतो, किती झालं? बाकी एक शब्द नाही.

आज ती पुस्तक घेऊन गच्चीवर गेली. हवा चांगली आहे म्हणाली. खुर्ची घेऊन मीपण गेलो. जिना अरुंद आहे, खुर्ची अडकली. तासभर कुणालाच वर-खाली करता आलं नाही. राजू वर, शालन खाली, मध्ये खुर्ची आणि मी.

२२ सप्टेंबर, रविवार

मॅच मोबाइलवर बघतो, आवाज पूर्ण बंद करून. आज विकेट पडली तेव्हा तोंडातून ओरडा निघाला. राजूचं न्यूमेरिकल अर्ध्यात राहिलं. मान्य आहे. पण माणूस आहे मी.

भिजवलेले बदाम तिला जात नाहीत. अक्रोडपण नाही. वाया कशाला घालवायचे, मी खातो. वजन चार किलोनं वाढलं. अभ्यासाचा ताण.

८ ऑक्टोबर, मंगळवार

शेजारचे कोंडाजीआबा शुगरचा रिपोर्ट घेऊन आले. डॉक्टरीणबाई हायेत का, म्हणाले. गावात राजूला आत्तापासून डॉक्टर म्हणतात. मीच सुरू केलं दोन वर्षांपूर्वी, म्हटलं कानाला सवय झालेली बरी.

राजू क्लासच्या ऑनलाइन टेस्टला बसली होती. तरी बोलावलं, तेवढीच प्रॅक्टिस. ती म्हणाली, आबा, मला यातलं अजून काही येत नाही हो, कामशेतच्या डॉक्टरांना दाखवा. आबा खट्टू झाले. मग मीच चष्मा लावून रिपोर्ट वाचला आणि सांगितलं, गोड कमी करा. आबा म्हणाले, ते मला बी म्हाईत हाय. मूठभर अक्रोड खाऊन गेले.

टेस्टच्या पाऊण तासाची वाट लागली. मार्क ४५२. आधीच्या टेस्टला ४८१ होते. एकाग्रता कमी पडते पोरीची. लक्ष वाढवावं लागणार. म्हणजे माझं.

२० ऑक्टोबर, रविवार

आज राजू स्वतःहून येऊन बसली माझ्याजवळ. म्हणाली, पप्पा, ही शेवटची. यंदा नाही झालं तर लोणावळ्याला बीएस्सीला नाव घालते, पुन्हा घरात डॉक्टर हा शब्द काढायचा नाही. कुणीच.

बोलताना आवाज हलला तिचा. दहा वर्षांची असताना हिनं आबांच्या शेळीचा मोडका पाय फळीला बांधला होता. शेळी चालली नंतर. तेव्हापासून हिच्या डोक्यात दुसरं काही नाही. माझ्याही नाही. आज पहिल्यांदा भीती वाटली.

ठरवलं. आता कंबर कसायची. उद्यापासून खुर्ची दिवसभर.

(उद्या दुपारी साडूच्या मुलाचा साखरपुडा आहे तळेगावला. जाणार नव्हतोच, घरात नीट आहे. पण जेवायलापण गेलो नाही तर वाईट दिसेल.)

१७ नोव्हेंबर, रविवार

घरात मॉक टेस्ट घेतली. हुबेहूब परीक्षेसारखी. दीडला दार बंद. राजूचे कानातले काढायला लावले, बाह्या तपासल्या, पाण्याची बाटली फिरवून बघितली. शालन भाजी घेऊन एक पस्तीसला आली. आत घेतलं नाही. नियम म्हणजे नियम. ती आबांच्या ओट्यावर बसून राहिली.

दर पंधरा मिनिटांनी किती वेळ राहिला ते मोठ्यानं सांगत होतो. शेवटची दहा मिनिटं दर मिनिटाला. मध्ये थोडा डुलका लागला. दचकून उठलो आणि चुकून वेळ संपली म्हणून पेपर ओढून घेतला. अजून चाळीस मिनिटं होती. परत दिला लगेच.

मार्क ४०९. सेंटरवर दडपण येतं ते हे. बरं झालं आधी कळलं.

शालन संध्याकाळी सहाला आत आली. आज माझं ताट मीच वाढून घेतलं.

३ डिसेंबर, मंगळवार

मीच आता बायोलॉजी वाचायला घेतलीय, म्हणजे तोंडी प्रश्न विचारता येतील. अवघड काही नाही. पाठ करायचं. आज जेवताना तिला विचारलं, बेडकाच्या हृदयाला कप्पे किती? तीन म्हणाली. मी चार म्हटलं. तिनं पुस्तक आणून दाखवलं. तीनच होते. पण त्या निमित्तानं तिची उजळणी झाली, हे कुणी बघत नाही.

६ जानेवारी, सोमवार

मोठा निर्णय. पंधरा दिवस रजा टाकली. आता चोवीस तास राजूच्या पाठीशी. मॅनेजर म्हणाला, कैलास, परीक्षा तुझी आहे का पोरीची? हसण्यावारी नेलं.

१६ जानेवारी, गुरुवार

टेस्टमध्ये ३८८.

२० जानेवारी, सोमवार

३७१. रजा चार दिवस वाढवली.

कुठं चुकतंय कळत नाही. एवढं करून उतरतातच कसे? मी बाजूला हलतसुद्धा नाही. अंग आंबून गेलंय बसून बसून. खुर्चीची एक पट्टी तुटली.

२३ जानेवारी, गुरुवार

बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता. राजू बाहेर आली तेव्हा डोळे लाल. सर्दी दिसतेय. आल्याचा काढा करून दिला. प्यायली बिचारी.

शालन म्हणाली, पोरगी सुकून चाललीय, तुमाला दिसत न्हाई का? म्हटलं, दिसतंय की, म्हणून तर काढा केला. कपाळावर हात मारून घेतला तिनं.

२६ जानेवारी, रविवार

राजूला अभ्यासासाठी पवनानगरला दादाकडं पाठवायचा निर्णय घेतला. खूप विचारांती. जागा बदलली की डोकं ताजं होतं. दादा पिकअप घेऊन आला होता, शालननं बॅग भरून ठेवली होती, पुस्तकांची दोन खोकी बांधलेली होती. सगळं व्यवस्थित पार पडलं.

निघताना भेट नाही झाली. झेंडावंदनाला लवकर उठलो होतो, जेवल्यावर डोळा लागला.

२७ जानेवारी, सोमवार. पहाटे ४.०५

उठलो. चहा केला. दोन कप झाला. दोन्ही मीच प्यायलो.

९ फेब्रुवारी, रविवार

काळजीच लागून राहिलीय. दादाच्या कॅम्पवर रविवारी नुसता धिंगाणा. स्पीकर, गिटार, शेकोट्या. असल्यात कसला अभ्यास? फोन लावला तर लागत नाही. लागला तर वहिनी उचलतात आणि म्हणतात, राजू वाचतीया, सांगते नंतर. नंतर काही सांगत नाहीत.

मॅनेजरला आजच्या ड्यूटीबद्दल म्हटलं, घरात नीट आहे. तो म्हणाला, नीट तर पवनानगरला गेली ना? कुणी सांगितलं याला? जावं लागलं. एक हजार टॉवेल मोजले. पाय गळून गेले.

६ मार्च, गुरुवार

प्रत्यक्ष पाहणीसाठी पवनानगरला गेलो. मळवलीहून लोकलनं कामशेत, तिथून जीप. जीपमध्ये मांडीवर दुसऱ्याची कोंबडी.

कॅम्पच्या मागं पत्र्याची खोली आहे. तंबूतल्या गाद्या तिथं ठेवतात. त्या गाद्यांच्या थप्पीला टेकून राजू वाचत होती. मी हाक मारणार तोच वहिनींनी दंड धरून बाजूला घेतलं. म्हणाल्या, भावजी, चार वाजंपातूर तिला कुणी बोलायचं न्हाई, आमची पोरं बी बोलत न्हाईत. म्हटलं, अहो मी बाप आहे. त्या म्हणाल्या, तुमाला तर आजिबात न्हाई. हसत म्हणाल्या, पण दंड सोडला नाही.

तोवर काय करणार? दादानं तंबूच्या खुंट्या उपटायला लावल्या. मग शेगडीच्या जाळ्या घासायला दिल्या. म्हणाला, लावणीला आला न्हाईस, आता ये हितं. मी घासता घासता बारीक लक्ष ठेवून होतो. चार तासांत राजूनं दोनदाच मान वर केली. दोन्ही वेळेला पाण्याकडं बघितलं, पुन्हा वाचायला लागली. मी टाइमटेबलात पाण्याकडं बघायला वेळच ठेवला नव्हता.

चारला भेटली. गालावर जरा मांस आलंय. टेस्ट कितीला गेली विचारलं. ५०२ म्हणाली. विचारल्याबद्दल वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या.

५०२! जानेवारीत मी जी पायाभरणी केली ती आत्ता वर येतेय. अशा गोष्टींना वेळ लागतो.

१४ एप्रिल, सोमवार

राजू नाही, तरी घरात टीव्ही लावलेला नाही. शालन म्हणाली, लावा की आता. म्हटलं, नीट संपेपर्यंत नाही. मनाला बरं वाटत नाही. घर खायला उठतं. खुर्ची दुरुस्त करून आणली, बसायला कुणाशेजारी तेच नाही.

४ मे, रविवार

परीक्षा. पिंपरीकडच्या एका शाळेत सेंटर. मी हॉल तिकिटाच्या पाच प्रती घेतल्या होत्या, फोटो अकरा. राजूनं स्वतःची एक प्रत आणली होती, तीच लागली. दीडला गेट बंद झालं.

बाहेर साडेतीन तास उन्हात. पहिल्याच वर्षाचे पालक बरेच होते, नुसते घाबरलेले. त्यांना घेऊन झाडाखाली बसलो आणि मार्गदर्शन केलं. टाइमटेबल, वातावरण, खुर्ची. एका बाईंनी लिहून घेतलं.

सुटल्यावर विचारलं, कसा गेला? म्हणाली, फिजिक्स फार अवघड होतं, पप्पा, आज काही विचारू नका. बरं म्हटलं. मळवली येईपर्यंत फक्त अकरा वेळा विचारलं. शालन मोजत होती.

१४ जून, शनिवार

५११.

क्लासच्या सरांना फोन केला. पेपर अवघड होता, एवढ्यावर सरकारी कॉलेजात नंबर लागेल म्हणाले. पुन्हा विचारलं. पुन्हा लागेल म्हणाले.

शालन ओट्यावर बसून रडली. राजू आधी कोंडाजीआबांच्या पाया पडायला पळाली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. तीनदा धुतलं. आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं. तीन वर्षांत आज पहिल्यांदा झोप येत नाहीये आणि झोपायला कुणाची हरकतपण नाही.

२२ जून, रविवार

पुढच्या रविवारी गावात सत्कार. सरपंचांनी सांगितलंय, कैलासभाऊ, इतर पालकांसाठी तुमी दोन शब्द बोला. कामाला लागलो. विषय ठरवला: पाल्याच्या यशात पालकाची भूमिका. चार पानं झाली. आरशासमोर तीन वेळा वाचलं. वीस मिनिटं लागतात. काही कापण्यासारखं नाही.

२९ जून, रविवार

सत्कार झाला. शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर धबधब्याच्या गाड्यांच्या हॉर्नचा गोंधळ, कुणी काही म्हटलं नाही.

आधी राजूला बोलायला लावलं. तिनं सगळ्यांची नावं घेतली. सर, मम्मी, पप्पा, काका, काकू. मग म्हणाली, मी काकांच्या गाद्यांच्या खोलीत अभ्यास केला. तिथं दिवसभरात मला कुणी किती झालं म्हणून विचारत नव्हतं, म्हणून झालं. लोक हसले. टोमणा नव्हता तो. राजूला टोमणे येत नाहीत. ती आपली खरं ते सांगत होती, शेळीचा पाय कसा बांधला ते सांगावं तसं.

मग माझं नाव पुकारलं. कागद काढले. पहिलं वाक्य होतं, पालकाने सतत पाल्याजवळ असावे. ते वाचवेना. सगळे बघतायत. समोर दादा, वहिनी, शालन. डोळ्यांसमोरून सगळे मार्क गेले. ४८१, ४५२, ४०९, ३८८, ३७१. आणि मी हलत नव्हतो खुर्चीवरून. मला वाटत होतं मी तिला धरून ठेवलंय.

एवढंच म्हणालो, मी काही केलं नाही. आणि खाली बसलो.

काय टाळ्या पडल्या! सरपंच उठून म्हणाले, बघा, याला म्हणतात नम्रपणा. असा बाप पाहिजे. पुन्हा शाल घातली. एक आधीच घातलेली होती. दादा मागून म्हणाला, लय भारी बोललास, थोडक्यात. कुणाला खरंच वाटलं नाही.

येताना राजू आणि मी मागं पडलो. दोन शाली, त्यात घामानं जीव चाललेला. तिला विचारलं, खरं सांग, माझा उपयोग काहीच झाला नाही का गं? ती थांबली. म्हणाली, असं काय म्हणता? जानेवारीत तुम्ही मला काकांकडं जाऊ दिलंत. मला वाटलं होतं तुम्ही कधीच सोडणार नाही. मम्मी म्हणाली, पप्पांना विचारलंय, ते हो म्हणालेत. पिकअपमध्ये बसून मी रडले होते, पप्पा. तेच सगळ्यात मोठं होतं. आणि माझा हात धरून चालायला लागली.

घरी आल्यावर शालनला विचारलं, तू मला कधी विचारलंस? ती शाली घडी करत होती. म्हणाली, तुमी झोपला होता. इचारलं असतं तर धाडलं असतंत का?

नसतं धाडलं.

हीच वही उघडून जानेवारीचं पान बघितलं. निर्णय घेतला, खूप विचारांती, असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. तीन वर्षांत पोरीच्या उपयोगाची मी एकच गोष्ट केली, ती झोपेत.

राजूला सांगायला हवं. आत ती कॉलेजांची यादी बघत बसलीय. दारापर्यंत जाऊन आलो. पप्पा, काही हवंय का, म्हणाली. काही नाही म्हटलं.

सांगितलं नाही.